स्ट्रॉबेरीचा हंगाम सरल्यावर

महाबळेश्वरला लोक जातात ते थंड हवेसाठी, तांबड्यालाल फळांसाठी, किंवा कृष्णामाईच्या उगमाचे दर्शन घेण्यासाठी. गेल्या मे महिन्याच्या अखेरीस मी त्या बाजूस गेले ती एका पत्राचे उत्तर समक्ष देण्यासाठी.

आमच्या मासिकाच्या मराठी आवृत्तीचे काम दिल्लीच्या कचेरीत चालते. पुष्कळसा मजकूर इंग्रजीतून किंवा हिंदीतून येतो. तो मराठीत उतरवणे, तपासणे आणि वेळेवर छापखान्याकडे धाडणे हा आमचा नित्याचा उद्योग. गेल्या वर्षी एप्रिलच्या अंकात घरबागेच्या सदरात थोडी जागा रिकामी राहत होती. ती भरण्यासाठी मी एक लहानसे इंग्रजी टिपण निवडले. विषय होता, फळे संपल्यावर स्ट्रॉबेरीच्या रोपांची निगा. टिपणात म्हटले होते की, फळे सरताच जुनी पाने जमिनीपासून इंच-दीड इंचावर छाटून टाकावीत, वाफ्यातील माती मोकळी करावी, खत घालावे आणि पाणी द्यावे. रोपे नव्याने फुटतात व पुढच्या हंगामात त्याच वाफ्यात पुन्हा फळे धरतात. भाषांतर सोपे होते. एकही शब्द चुकला नव्हता.

ऑगस्टमध्ये पत्र आले. पाचगणीहून महाबळेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवरच्या एका गावातील भगिनीने ते लिहिले होते. आमचे टिपण वाचून तिने आपल्या दोन गुंठ्यांतील रोपे उपटली नाहीत. सांगितल्याप्रमाणे छाटली, खत-पाणी दिले आणि ठेवून दिली. जुलै सरेपर्यंत त्यांतले एकही रोप उरले नव्हते. पत्रात राग नव्हता. शेवटी एवढेच विचारले होते की, आमच्याकडून कोणती गोष्ट करायची राहिली ते कृपा करून कळवावे.

तिच्याकडून काहीच राहिले नव्हते. राहिले होते ते माझ्याकडून. त्या वेळी मी दिलगिरीच्या चार ओळी धाडल्या. पण दिलगिरी म्हणजे उत्तर नव्हे हे मला कळत होते. या वर्षी मामेबहिणीच्या लग्नासाठी वाईस जाण्याचा योग आला, तेव्हा लग्न उरकल्यावर दोन दिवस अधिक काढायचे ठरवले.

वाईहून वर

वाई हे कृष्णेच्या काठचे जुने गाव. घाटाच्या पायऱ्या, ढोल्या गणपतीचे देऊळ आणि वाड्यांच्या ओळी ही त्याची ओळख. शिवाय तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम येथेच उभे राहिले, म्हणून शब्दांचा व्यवहार करणाऱ्या माणसाला या गावाविषयी विशेष आदर वाटतो. गावाबाहेर पडले की पसरणीचा घाट सुरू होतो. एस. टी. वळणे घेत चढू लागते, खाली वाईचे खोरे उलगडत जाते, आणि बारा-तेरा किलोमीटरच्या चढानंतर पाचगणी येते. तेथून महाबळेश्वर आणखी सुमारे एकोणीस किलोमीटर.

या तीस-बत्तीस किलोमीटरांत एक मोठा चमत्कार दडलेला आहे, आणि मे महिन्याच्या लख्ख उन्हात तो कोणाला दिसत नाही. तो म्हणजे पावसाचा. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला अडतात आणि महाबळेश्वरवर रिते होतात. तेथे वर्षाकाठी सुमारे ६००० मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे सरासरी उंचीची तीन माणसे एकावर एक उभी केली तरी बुडून जातील इतका. आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पूर्वेकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. पाचगणीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच, आणि वाईच्या खोऱ्यात त्याहूनही पुष्कळ थोडा. एका दिवसात पायी उतरून जाता येईल एवढ्या अंतरात पावसाच्या दोन दुनिया आहेत.

स्ट्रॉबेरी या डोंगरावर आली ती इंग्रजांबरोबर. १८२९ च्या सुमारास साताऱ्याच्या छत्रपतींकडून ही जागा इंग्रजांकडे गेली आणि मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या नावाने येथे माल्कम पेठ वसली. पुढे चिनी व मलायी कैद्यांसाठी येथे एक तुरुंगही होता; तो १८६४ साली बंद झाला. त्या कैद्यांनी डोंगरउतारावर बटाटे आणि भाज्या पिकवल्या. साहेबांच्या बंगल्यांभोवतीच्या बागांतून शौकाची फळे झाली, आणि कालांतराने ती बागांतून गावकऱ्यांच्या शेतात उतरली. आज देशातील स्ट्रॉबेरीचा फार मोठा वाटा महाबळेश्वर, पाचगणी आणि भोवतालच्या गावांतून येतो. २०१० साली ‘महाबळेश्वर स्ट्रॉबेरी’ला भौगोलिक मानांकनही मिळाले.

मी गेले तेव्हा फळांचा हंगाम उलटून गेला होता. वेण्णा तलावाकाठी करवंदे, जांभळे आणि तुती विकायला आलेली होती. प्रवासी अजून पुष्कळ होते. पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंचे मळे, जे डिसेंबरात पाहणाऱ्याने थांबून पाहावेत, ते आता कोणी पाहत नव्हते. उंच गादीवाफ्यांवरचा चंदेरी प्लॅस्टिकचा कागद गुंडाळला जात होता. ठिबकच्या नळ्यांची वेटोळी बांधावर पडली होती. पाने काठाशी तांबूस झालेली, मधूनच एखादे बोराएवढे उशिराचे फळ. पाहुणे उठून गेल्यावरच्या मांडवाची कळा त्या मळ्यांना आली होती.

ओसरीवर

पत्रातील पत्त्यावरून घर सापडायला वेळ लागला नाही. पत्र लिहिणाऱ्या वहिनी चाळिशीच्या, कामाने रापलेल्या. मी कोण हे सांगताच क्षणभर गप्प झाल्या; मग म्हणाल्या, “ताई, एवढ्यासाठी एवढ्या लांबनं आलात? बसा आधी. पाणी घ्या.”

ओसरीवर त्यांच्या सासूबाई शेंगा फोडीत बसल्या होत्या. आत त्यांची लेक भाकरी थापीत होती. बारावी झालेली, मोठी चुणचुणीत मुलगी. आमचे मासिक वाचून दाखवते ती हीच, असे वहिनींनी सांगितले. स्ट्रॉबेरीचे ते टिपणही तिनेच मोठ्याने वाचले होते.

बोलता बोलता हकिकत उलगडली. या गावांत रीत अशी की एप्रिल-मेमध्ये फळ संपले म्हणजे रोपे उपटून टाकायची आणि सप्टेंबरात नवी रोपे विकत आणून लावायची. एकरी बावीस-तेवीस हजार रोपे लागतात. गुंठ्याला साडेपाचशेच्या आसपास. छोट्या शेतकऱ्याला रोपांचा हा खर्चच सर्वांत जड जातो. आपलीच रोपे टिकली तर तेवढे पैसे वाचतील, या विचाराने वहिनींनी चार गुंठ्यांपैकी दोन गुंठ्यांवर आमचा उपाय करून पाहिला. सासूबाईंनी नको म्हटले होते.

“म्या म्हनलं व्हतं,” आजी शेंगांवरची नजर न काढता म्हणाल्या, “हितं पावसाळ्यात भिंतीला गवताची झड बांधल्याबिगर घर ऱ्हात न्हाई. त्या एवढ्याशा झाडाला उघड्यावर ठिवायचं व्हय? पर ही म्हनली, छापलंय नव्हं.”

छापलंय नव्हं. या दोन शब्दांपुढे मला काही बोलता येईना.

रोपे गेली, तेव्हा सप्टेंबरात त्या दोन गुंठ्यांसाठी अकराशे रोपे विकत घ्यावी लागली. घरात त्या वेळी जे पैसे होते ते लेकीला साताऱ्यास नर्सिंगच्या शिक्षणासाठी पाठवायचे म्हणून ठेवलेले. ते रोपांत गेले. रोपे नसती तर फळे नसती, आणि फळे नसती तर पुढचे वर्षही गेले असते. तेव्हा त्यांनी केले ते योग्यच केले. मुलीचा प्रवेश एक वर्ष लांबला. हे सांगताना वहिनींच्या स्वरात तक्रार नव्हती. मुलगी आतून भाकरी घेऊन आली आणि म्हणाली, “या वर्षी जातेच आहे मी. पैसे भरलेत.”

जेवण झाल्यावर मी म्हटले, “वहिनी, मला आता नीट दाखवा. मी कागदावरचे लिहिले. या खेपेला मातीतले लिहीन.”

ते टिपण कोठे खरे होते

ते टिपण खोटे नव्हते, हेही येथे सांगितले पाहिजे. ते एका दुसऱ्या देशाचे होते. थंड प्रदेशांत स्ट्रॉबेरीचे फळ बहुधा जूनच्या सुमारास येते. त्यानंतर पुढे सौम्य उन्हाळ्याचे मोठमोठे दिवस असतात. छाटलेले रोप त्या काळात नवी पाने काढते, बळ धरते. शरद ऋतूत दिवस लहान व गार होऊ लागले म्हणजे त्याच्या गाभ्यात पुढच्या वर्षाच्या फुलांचे अंकुर तयार होतात. हिवाळ्यात ते पेंढ्याखाली किंवा बर्फाखाली निजते आणि वसंतात फुलते. असा वाफा तीन-चार वर्षे राहतो. तेथे फळानंतरची छाटणी, ओळी अरुंद करणे, दाटी विरळ करणे, खत देणे हे सर्व योग्यच आहे. मात्र तेही फळ संपल्यावर आठ-दहा दिवसांतच करावे लागते. उशिरा छाटले तर नव्याने आलेली पानेच कापली जातात. वारंवार बहर धरणाऱ्या जातींना तर ही छाटणी तेथेही लागू नाही.

महाबळेश्वरचे वर्ष याच्या उलट बाजूने फिरते. येथे लावणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, पहिली फळे नोव्हेंबर-डिसेंबरात, तोडणी एप्रिलपर्यंत. रोप थकते तेव्हा पुढे मोठ्या दिवसांचा सौम्य उन्हाळा नसतो. थोडे कडक ऊन, मग वळीव, मग चार महिने अखंड धार. स्ट्रॉबेरीच्या पानांचे देठ आणि मुळे जेथे मिळतात, तेथे बोटभर आखूड, जाड खोड असते. बागाईतदार त्याला क्राऊन म्हणतात. रोपाचा सारा जीव त्या क्राऊनमध्ये. वहिनींच्या रोपांची पाने छाटली, तेव्हा त्यावर ताज्या जखमा झाल्या. वर खताने कोवळी, रसाळ पालवी आली. आणि नेमक्या त्या वेळी पाऊस लागला. पाण्याने मुळे गुदमरली, बुरशीने क्राऊन आतून तपकिरी केला. आजींनी एक वाक्य सांगितले होते. त्याचे शास्त्र एवढेच.

नव्या मुलखात जुने नियम चालत नाहीत, हा धडा या फळाने माणसाला पूर्वीही दिला आहे. आज आपण खातो ती मोठी स्ट्रॉबेरी ही अमेरिका खंडातल्या दोन रानटी जातींचा संकर. एक उत्तर अमेरिकेतली, दुसरी चिलीतली. फ्रेझिए नावाच्या फ्रेंच अधिकाऱ्याने १७१४ साली चिलीतून काही रोपे फ्रान्सात नेली. माळ्यांनी त्यांची जिवापाड निगा राखली. रोपे वाढली, पण फळ धरीनात. कारण त्याने निवडून आणलेली रोपे सगळी मादी होती. उत्तर अमेरिकेतली जात शेजारी लावली, तेव्हा कोठे परागीकरण होऊन फळे लागली, आणि त्या शेजारातूनच हा संकर जन्मला. द्युशेन या तरुण वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ साली याचा उलगडा लिहून ठेवला. निगेत काही उणे नव्हते. उणे होते ते ओळखीत.

लेकुरवाळे रोप

दुपारी मुलीने मला मळ्यात नेले. उरलेल्या रोपांच्या भोवती जमिनीलगत तांबूस, दोरीसारखे लांब धागे पसरले होते. यांना सगळे रनर म्हणतात. दिवस मोठे आणि हवा उबदार झाली की स्ट्रॉबेरी फुलांऐवजी हे धागे सोडू लागते. दिवस लहान आणि गार झाले की पुन्हा फुलांकडे वळते. धाग्याच्या पहिल्या पेऱ्यावर सहसा काही येत नाही. दुसऱ्या पेऱ्यावर इवलेसे रोप बसते, माती लागली की मुळे धरते, आणि तेथून धागा पुढे जातो. बियांपासून आईसारखेच फळ मिळेल याची खात्री नसते. धाग्यावरचे रोप मात्र हुबेहूब आईसारखे. म्हणून स्ट्रॉबेरीची शेती ही सगळी या लेकींवर चालते.

“मग हीच रोपे का नाही धरत?” मी विचारले.

मुलीने एक पान उलटे करून दाखवले. खालच्या बाजूस बारीक कोळी होते. दुसऱ्या पानावर जांभळट ठिपके. “हे झाड पाच महिने फळ देऊन दमलंय,” ती म्हणाली. “ह्याच्या अंगात जे काही रोग असतील ते सगळे लेकीला जातात. काही जण धरतात ह्यांचीच रोपं. पहिल्या वर्षी बरी येतात, पुढं फळ बारीक होत जातं.”

हे शास्त्रालाही धरून आहे. मावा या किडीबरोबर पसरणारे विषाणुरोग डोळ्यांना दिसत नाहीत. पण पिढी दर पिढी साचत जातात. म्हणून येथील शेतकरी परदेशांतून निरोगी मातृरोपे मागवतात. मदर, हा येथला सर्वांच्या तोंडचा शब्द. या मदरना फळ धरू देत नाहीत. आलेले प्रत्येक फूल खुडतात, म्हणजे सारी शक्ती धाग्यांत जाते. एका मदरपासून पंधरा-वीस, कधी त्याहूनही अधिक रोपे मिळतात.

आणि हे सर्व होते ते खाली, वाईच्या बाजूला. दुसऱ्या दिवशी वहिनी, त्यांची लेक आणि मी एस. टी.ने घाट उतरलो. त्यांच्या एका नातलगाच्या शेतात, पाणी साचणार नाही अशा उंच वाफ्यांवर, नुकत्याच लावलेल्या पन्नास मदर मला त्यांनी दाखवल्या. शेजारी माती व कुजलेले शेणखत भरलेल्या छोट्या काळ्या पिशव्यांच्या ओळी मांडायचे काम चालले होते. पावसाळाभर धागे सुटत जातील तसे प्रत्येक लेकुरवाळ्या पेऱ्याखाली एकेक पिशवी सरकवायची, रोप मातीवर हलकेच टेकवायचे, मुळे धरली की आईपासून तोडायचे, आणि सप्टेंबरात पाऊस ओसरला की रोपे घाट चढवून वर न्यायची. पन्नास मदर, प्रत्येकीची वीस-बावीस लेकरे, म्हणजे हजार-अकराशे. दोन गुंठ्यांचा हिशेब नेमका बसतो. या पन्नासांची किंमत अकराशे विकतच्या रोपांच्या मानाने पुष्कळ कमी.

म्हणजे गेल्या वर्षी वहिनींना जे हवे होते, आपलीच रोपे आपण करणे, ते अशक्य नव्हते. वाट वेगळी होती, आणि ती घाटाने खाली उतरत होती. पावसाळ्यापुरते रोप माहेरी न्यायचे आणि गारवा आला की सासरी आणायचे, असेच म्हणा ना.

वरच्या रिकाम्या शेताचीही निगा असते. जुनी रोपे मुळांसकट काढून शेताबाहेर टाकायची किंवा जाळायची, बांधाशी ढीग लावून ठेवायचा नाही. प्लॅस्टिकचा तुकडा मातीत राहू द्यायचा नाही. जमिनीला विसावा म्हणून ताग किंवा धैंचा पेरून तो तेथेच गाडावा. वांगी, टोमॅटो, मिरची, बटाटा यांच्यामागे लगेच स्ट्रॉबेरी लावू नये, कारण मर रोगाची बुरशी या सर्वांना सारखीच लागते आणि जमिनीत टिकून राहते.

आपल्या घरी दोन-चार कुंड्या असतील तर

आमचे वाचक काश्मीरपासून केरळपर्यंत पसरलेले आहेत. त्या सर्वांना एकच नियम देण्याची चूक मी पुन्हा करणार नाही. मात्र प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: फळे संपल्यावर माझ्या गावात रोपाचा पहिला शत्रू कोण? बर्फ, पाऊस की ऊन?

काश्मीरच्या खोऱ्यात, हिमाचलात किंवा कुमाऊँच्या उंच भागात राहणाऱ्यांचे फळ मेच्या सुमारास येते व पुढे हिवाळा असतो. त्यांना त्या इंग्रजी टिपणातील बरेचसे उपयोगी पडेल. फळ संपताच जुनी, डागाळलेली पाने काढावीत, क्राऊनला धक्का लावू नये, दाटी विरळ करावी, थोडे कुजलेले खत द्यावे आणि थंडी येण्याआधी वाळक्या गवताचे पांघरूण घालावे. तीन-चार वर्षांनी वाफा बदलावा.

कोकण, गोवा, सह्याद्रीचा माथा, मेघालय अशा धो-धो पावसाच्या मुलखात छाटणी करू नये. रोगट पाने तेवढी खुडावीत, नत्राचे खत बंद करावे आणि कुंडी पावसाआधी वळचणीखाली हलवावी. उजेड व वारा मिळावा, धार मात्र लागू नये. वहिनींच्या आजींनी ओसरीच्या कडेला पत्र्याच्या एका जुन्या डब्याला तळाशी भोके पाडून त्यात पाच रोपे ठेवली होती. शेतातली अकराशे कुजली त्या पावसाळ्यात डब्यातली पाचही जगली होती.

दिल्ली, नागपूर, जयपूर, हैदराबाद अशा कडक उन्हाच्या ठिकाणी एप्रिलपासूनच कुंडीला दुपारची सावली द्यावी. मातीवर पेंढा किंवा वाळकी पाने पसरावीत. पाणी सकाळी द्यावे, थोडे आणि नियमित; कुंडीखालच्या बशीत साचू देऊ नये. रोप या दिवसांत वाढणार नाही. त्याने नुसते जगावे एवढीच अपेक्षा ठेवावी.

धागे सुटले तर एका निरोगी रोपाचे दोन-तीनच राखावेत, बाकीचे कापावेत. राखलेल्या धाग्यावरचे पहिले रोप शेजारच्या छोट्या कुंडीत मातीवर टेकवून केसांच्या आकड्यासारख्या वाकवलेल्या तारेने अडकवावे. चार ते सहा आठवड्यांत मुळे धरतात. मग धागा कापावा. लावताना क्राऊन मातीच्या पृष्ठभागाबरोबर असावा. गाडला तर कुजतो, उघडा राहिला तर मुळे सुकतात. सगळ्या निगेत हे एक सूत्र मात्र सर्व मुलखांत सारखेच आहे.

परत

निघताना आजींनी डब्यातली तीन रोपे ओल्या फडक्यात गुंडाळून माझ्या हाती दिली. मी म्हटले, “आजी, दिल्लीच्या उन्हात ही कशी टिकायची?” त्या म्हणाल्या, “ते तू बघ. तुझ्या गावचं ऊन तुला ठावं.”

एवढी साधी गोष्ट कळायला मला दिल्लीहून वाईपर्यंत आणि वाईहून घाटमाथ्यापर्यंत यावे लागले. भाषांतर करताना आम्ही शब्दाला शब्द तोलून पाहतो. पण ‘हंगाम संपल्यावर’ या दोन शब्दांपुढे कोणाच्या अंगणात बर्फ असतो, कोणाच्या धार, कोणाच्या लू, हे तोलायचे राहून जाते. वाचणारा मात्र ते आपल्याच अंगणात करून पाहतो, कधी त्यावर वर्षाची मिळकत लावतो.

आता सप्टेंबर आहे. मुलगी साताऱ्यास रुजू झाली. वहिनींचे पत्र परवा आले. पन्नासांपैकी चार मदर पावसात गेल्या, उरलेल्यांनी नऊशेच्या वर रोपे दिली, आणि ती घाट चढून वर पोहोचली. उणी पडलेली रोपे त्या विकत घेणार आहेत. माझ्या तीन रोपांपैकी एक जूनच्या लूमध्ये गेले. दोन उत्तरेकडच्या खिडकीत माठाच्या शेजारी टिकून राहिली आणि गेल्या आठवड्यात त्यांना नवे, घडीचे पान आले.

वाचकांना एकच विनंती. आम्ही छापलेले काही आपल्या गावच्या मातीला, पाण्याला किंवा उन्हाला लागू पडत नसेल, तर पीक जाईपर्यंत वाट पाहू नका, आधीच लिहा. आपल्या घरातील वडीलधारी माणसे ‘हे हितं चालायचं न्हाई’ म्हणत असतील, तर तेही लिहा. आम्ही ते तितक्याच ठळक अक्षरांत छापू.